लिनक्स ॲडमिनचा क्लास: ८५ हजार आणि सहा महिने. लावावा का?

निलंगा_नाका (सोमवार, रात्री ९:५२)

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालंय. निलंग्याजवळ गाव, चार एकर कोरडवाहू. दीड वर्षापासून एका सेतू-सेंटरवर बसतो, पीकविम्याचे फॉर्म भरतो, सातबारा काढून देतो. कॉलेजात लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) हा विषय आवडायचा, सर्व्हर सांभाळायचं काम करावं असं डोक्यात आहे.

पुण्यात एक क्लास आहे. सहा महिने, ८५ हजार, परीक्षेची फी वेगळी. फोनवर 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणले. कागद मागितला तर त्यावर 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलंय. घरात सोयाबीन पडून आहे, भाव नाही म्हणून ठेवलंय. अण्णा म्हणायलेत की विकून टाकू, तू जा. मला तेच नको वाटायलंय.

क्लासशिवाय जमतं का? आरएचसीएसए, एलपीआयसी, एलएफसीएस अशी परीक्षांची नावं ऐकली, त्यातलं कोणतं धरावं? आणि कागद हातात आल्यावर आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांना बोलावतात का खरंच? दाजींचा जुना लॅपटॉप आहे, आय-थ्री, दुसरी पिढी, ४ जीबी रॅम.

जर्मनी_परभणी (सोमवार, रात्री १०:०४)

सोयाबीन विकू नका. कारण नंतर लिहितो, ताट वाढलंय.

टर्मिनल_काका (सोमवार, रात्री १०:४१)

आधी परीक्षांचा गोंधळ मिटवू, मग क्लासचं बघू.

आरएचसीएसए रेड हॅटची. अ-ब-क-ड पर्याय नाहीतच. समोर चालू मशीन, तीन तास आणि कामांची यादी. युजर काढा, डिस्क वाढवा, अमुक सेवा मशीन सुरू होताना आपोआप उठली पाहिजे, असं. ३०० पैकी २१० लागतात. इंटरनेट नाही, पण मशीनवरची मॅन पेजेस (कमांडींची मदतपानं) वाचता येतात. तपासणी मशीन रीबूट करून होते, आणि पोरं आपटतात ती इथंच. तुम्ही सगळं बरोबर केलं पण ते रीबूटनंतर टिकलं नाही, तर त्या कामाचे गुण गेले. कागदाची मुदत तीन वर्षं. मी दिली तेव्हा खालच्या परीक्षेला आरएचसीटी म्हणायचे, यावरून माझं वय काढा. वरची आरएचसीई, ती आता बहुतेक सगळी ॲन्सिबलवर (अनेक मशीनं एकदम सांभाळायचं साधन) असते.

एलपीआयसी-१ मध्ये दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. पर्याय आणि थोड्या गाळलेल्या जागा. मुदत पाच वर्षं. एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नाही, डेबियनचंही विचारतात आणि रेड हॅटचंही. वाचन पक्कं होतं, हात पक्का होतोच असं नाही. त्यांचीच लिनक्स इसेन्शियल्स आहे, ४० प्रश्न, एक तास. तिची मुदत संपत नाही, पण तिच्यावर नोकरी लागलेला माणूस मी पाहिला नाही.

एलएफसीएस लिनक्स फाउंडेशनची. हीसुद्धा चालू मशीनवर, दोन तास, घरी बसून. आता दोनच वर्षं चालते, पूर्वी तीन होती. जमेची बाजू ही की नापास झालात तर एक फेरपरीक्षा त्याच फीत धरलेली असते.

पुण्यातल्या जाहिरातींत मला तरी आरएचसीएसएचं नाव जास्त वेळा दिसतं. तुमच्या जागी मी तीच धरली असती.

८५ हजारांबद्दल उद्या. रक्तदाब वाढतो.

हिंजवडी_हद्दपार (सोमवार, रात्री ११:१५)

काकांशी असहमत. मूळचा धाराशिवचा, बारा वर्षं पुण्यात, त्यातली सहा लोकांच्या मुलाखती घेण्यात गेली. कागद बघून मी आजवर एकालाही घेतलेलं नाही. तीन-तीन सर्टिफिकेटं लावलेला पोरगा 'लोड ॲव्हरेज म्हणजे काय' यावर गप्प बसतो.

मी एकच प्रश्न विचारतो. डीएफ ही डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड सांगतेय, डिस्क शंभर टक्के भरली. डीयू या फाइली मोजणाऱ्या कमांडने बेरीज केली तर निम्मीच भरलेली दिसते. बाकीची जागा कुठं गेली? यावर जो बोलायला लागतो त्याच्याशी पुढं बोलतो. निलंगा_नाका, तुम्ही सांगा बघू. गूगल न करता.

सुशीला_प्लेट (सोमवार, रात्री ११:२०)

रूट युजरसाठी (सर्वाधिकारी खातं) राखून ठेवलेली पाच टक्के?

हिंजवडी_हद्दपार (सोमवार, रात्री ११:२३)

पाच टक्के आणि निम्मी यात फरक आहे हो. आणि एक्सएफएस फाइलसिस्टममध्ये तशी राखीव भानगड नसते.

काट्यावरचा (मंगळवार, पहाटे २:१०)

नाइटला आहे म्हणून या वेळेला लिहितोय. हद्दपार साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला मुलाखतीत मिळालं नाही, अंगावर आलं.

एका साखर कारखान्यात आहे. वजनकाट्याच्या पावत्या ज्या मशीनवरून निघतात ते लिनक्सवर आहे. गाळप हंगाम, डिसेंबर, रात्रीचे दोन. पावती निघेना. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत, उसाचं वजन घटायलंय, लोक ऑफिसच्या दारात. बघतो तर डिस्क फुल्ल. एक लॉग फाइल फुगून बसली होती. मी मर्दासारखी आरएमने उडवली. परत डीएफ. अजून शंभर टक्के! फाइल तर दिसत नाही, जागा काही सुटत नाही. मला वाटलं डिस्कच गेली. हात-पाय गार.

मग कळलं. फाइलचं नाव पुसलं होतं, पण पावतीच्या प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवली होती. जोवर कुणी धरून बसलंय तोवर कर्नल (लिनक्सचा गाभा) जागा सोडत नाही. डीयू नावं फिरून मोजतं, त्याला ती दिसत नाही. डीएफ फाइलसिस्टमला विचारतं, तिच्या हिशेबात ती आहे. सेवा रीस्टार्ट केली, जागा झाली, पावती निघाली. एलएसओएफ +एल१ ही पुसलेल्या पण उघड्या फाइली दाखवणारी कमांड तेव्हा माहीत असती तर वीस मिनिटं आणि चार शिव्या वाचल्या असत्या. खरं तर फाइल पुसायचीच नव्हती, रिकामी करायची होती. लॉग वेळोवेळी छाटणारं लॉगरोटेट लावलेलं नव्हतं हे मूळ पाप, ते दुसऱ्या दिवशी लावलं.

माझ्याकडं एकही सर्टिफिकेट नाही.

हिंजवडी_हद्दपार (मंगळवार, सकाळी ८:०२)

काट्यावरचा, बायोडेटा पाठवा.

काट्यावरचा (मंगळवार, सकाळी ८:४०)

पाठवतो, पण माझं पुढचं ऐकलं नाहीत. याच कामासाठी बाहेरच्या कंपनीकडून देखभालीचा ठेका निघाला तेव्हा अटीत लिहिलं होतं, 'प्रमाणित लिनक्स प्रशासक आवश्यक'. ठेका ज्यांना मिळाला त्यांचा प्रमाणित माणूस अडलं की मला फोन करतो. पगार त्याचा तिप्पट. तेव्हा तुमच्यासारखे मुलाखत घेणारे कागद बघत नसतील, पण तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी एचआरची चाळणी लागते, तिला डीएफ-डीयू कळत नाही. तिथं कागदच लागतो.

सुशीला_प्लेट (मंगळवार, सकाळी ८:५५)

+१. माझा अर्ज त्या चाळणीतच अडकतो दर वेळी. आणि राखीव पाच टक्क्यांचं उत्तर देऊन आज ऑफिसात तोंड दाखवायचंय. :(

मुळची_बीडची (मंगळवार, दुपारी १:३५)

माझा अनुभव लिहिते. लग्नानंतर अंबाजोगाईला आले, चार वर्षं गॅप. पुण्याला जाऊन क्लास लावणं शक्यच नव्हतं, लेकरू लहान. घरून देता येते म्हणून एलएफसीएस धरली.

अभ्यासाचं जमलं. परीक्षेची खोली जमवणं अवघड गेलं. टेबलावर काही नको, खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद, कॅमेऱ्यातून चारी भिंती दाखवायच्या. सासूबाईंना आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी शेजारणींना सांगितलं, 'सुनेची परीक्षा आहे, कंप्युटरवरून साहेब बघत असतो.' सगळं ठरल्याप्रमाणं चाललं आणि चाळीसाव्या मिनिटाला गल्लीतून वरात आली. डीजे. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. निरीक्षक चॅटवर विचारतो, खोलीत कुणी आहे का? त्याला वरात म्हणजे काय हे इंग्रजीत समजवण्यात माझी पाच मिनिटं गेली. त्यात राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचा राहिला होता आणि लाईट गेली. तेवढ्यापुरती मोबाइलवर आले.

पहिल्या खेपेला नापास. फेरपरीक्षा फीत धरलेली होती म्हणून वाचले. दुसऱ्या वेळी लग्नतिथी नसलेला दिवस पंचांगात बघून स्लॉट घेतला, पास झाले. आता घरूनच काम करते, रात्रपाळी असते महिन्यातून एक आठवडा.

आरएचसीएसएसुद्धा घरून देता येते. तिथं पेन ड्राइव्हवरून त्यांचं खास लिनक्स बूट करावं लागतं. तुमचा लॅपटॉप त्याला चालतो का हे आधी तपासून घ्या, ऐन दिवशी नको.

जर्मनी_परभणी (मंगळवार, दुपारी १:५०)

पंचांग बघून परीक्षेचा स्लॉट! हे फक्त मराठवाड्यातच होऊ शकतं. ताई, दंडवत.

गोदाकाठ_नांदेड (मंगळवार, दुपारी ३:१२)

तुम्ही सगळे पुणे पुणे कामून करायलात? आम्ही नांदेडकर देवगिरीत बसतो आणि हैदराबादला उतरतो. अमीरपेठ. मैत्रीवनमच्या आसपास भिंत दिसत नाही इतके फलक. लिनक्स, क्लाउड, डेव्हऑप्स, जे म्हणाल ते. पहिले दोन-तीन दिवस डेमो म्हणून फुकट बसू देतात. मी तीन ठिकाणी बसून मग एक ठरवला. फी पुण्याच्या चौथ्या हिश्शात झाली. इडली खाऊन दोन महिने काढले.

पण खरं सांगतो, मास्तर चांगला होता तरी बॅचमध्ये सत्तर पोरं. तो पुढं पडद्यावर करायचा, आपण वहीत उतरवायचं. हात मशीनला लागला तो रूमवर आल्यावर. रूमवर तीन जणांत एक लॅपटॉप. मी शिकलो ते तिसऱ्याचा नंबर आल्यावर.

तंत्रनिकेतन_मास्तर (मंगळवार, सायंकाळी ६:२०)

वहीत उतरवण्यावरून आमचीच लाज काढतो. एका शासकीय संस्थेत शिकवतो. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, आणि लिनक्सचं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. एलएसचं आउटपुट मुलं हातानं लिहितात! फाइलची तारीखसुद्धा गेल्या वर्षीच्या जर्नलमधलीच असते. तीन वर्षांपूर्वी मी वीस मशीनवर लिनक्स टाकलं तर वरून विचारणा झाली, 'विंडोज कुणाच्या परवानगीनं काढलं?' काढलं नव्हतं, शेजारी टाकलं होतं. समजावता समजावता सत्र संपलं.

तरी क्लासवाल्यांना सरसकट झोडपू नका. ज्याच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही, दिवसभर शेतातली कामं सांगितली जातात, त्याला रोज चार तास खुर्चीत बसवणारी जागा लागते. माझ्या दोन विद्यार्थिनींना घरून बाहेर पडायला 'क्लास' हा एकच शब्द चालला. फी वाजवी आहे का, हा प्रश्न वेगळा.

स्वस्त रस्ते आहेत. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत आणि मोफत. एका खिडकीत धडा, दुसऱ्या खिडकीत आपण करायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. इंग्रजी अडतं म्हणणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी. लिनक्स फाउंडेशनचा 'इंट्रोडक्शन टू लिनक्स' फुकट वाचता येतो. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात नाईलिट आहे, सरकारी संस्था, त्यांचे छोटे कोर्स निघतात का ते बघत राहा. आणि सहा महिने पूर्ण वेळ द्यायचेच असतील तर पुण्याच्या सी-डॅकचा डीआयटीआयएसएस (सिस्टीम आणि सुरक्षेचा पदविका कोर्स) बघा. सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, फी कमी नाही, पण तिथल्या मुलाखतींना कंपन्या खरोखर येतात.

टर्मिनल_काका (मंगळवार, रात्री ९:३०)

मास्तरांशी सहमत. आता ८५ हजारांवर येतो.

मागच्या वर्षी भाच्यासाठी असाच एक क्लास बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. वातानुकूलित केबिन, भिंतीवर 'प्लेस्ड' मुलांचे फोटो. मी विचारलं, प्रत्येकाला स्वतःची दोन व्हर्च्युअल मशीन (कंप्युटरच्या आत चालणारा कंप्युटर) मिळतील का, रात्री घरून वापरता येतील का? केबिनमधली मुलगी म्हणाली, सर ते फॅकल्टी सांगतील. फॅकल्टी आली. बावीस वर्षांचा पोरगा, त्याच क्लासमधून गेल्या बॅचला बाहेर पडलेला. नोकरी लागली नाही म्हणून तिथंच शिकवतोय. म्हणजे तोही 'प्लेस्ड'! त्याचा फोटो भिंतीवर होता.

वर, जाताना हळूच म्हणाला, सर डम्प्स पण देतो. हे मात्र सगळ्यांनी नीट ऐका. परीक्षेआधी गोपनीयतेच्या करारावर सही करता तुम्ही. फुटलेला पेपर पाठ करून पास झालात आणि सापडलात तर कागद रद्द होतो. न सापडलात तर हद्दपार साहेब समोर बसलेलेच आहेत.

सेंटॉस_श्राद्ध (मंगळवार, रात्री १०:१२)

सराव सेंटॉसवर करा, रेड हॅटसारखंच पण फुकट. आम्ही सगळे त्यावरच शिकलो.

हिंजवडी_हद्दपार (मंगळवार, रात्री १०:१५)

तुमचं सदस्यनाम वाचा आणि मग स्वतःचा प्रतिसाद वाचा.

सेंटॉस_श्राद्ध (मंगळवार, रात्री १०:३१)

:) हळवेपणानं लिहून गेलो. सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार म्हणून आम्ही एका बँकेची चाळीस मशीनं त्यावर नेली. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा आली की ३१ डिसेंबर २०२१ ला संपणार. नेलेली सगळी परत हलवली. सेंटॉस ७ ने ३० जून २०२४ ला डोळे मिटले. त्याआधी २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली होती, तेव्हाच आमचा एक म्हातारा सहकारी म्हणाला होता, 'गाय विकली, आता दूध विकत घ्यायचं.' रॉकी आणि अल्मा, सेंटॉसच्या जागची ही दोन फुकट वासरं त्यातूनच आली, २०२१ ला.

टर्मिनल_काका (मंगळवार, रात्री १०:४४)

म्हातारा सहकारी थोडा अतिशयोक्ती करत होता. एकट्या माणसाला रेड हॅट स्वतःच डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट देते, १६ मशीनपर्यंत. सरावाला अस्सल माल मिळतो, रॉकी-अल्माही चालतात. दूध आटलेलं नाही.

फॉन्टफितूर (मंगळवार, रात्री ११:०५)

अवांतर: रेड हॅटचा विषय निघालाच आहे तर लोहित देवनागरी फॉन्टबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. लिनक्सवर मराठी वाचताना पूर्वी जोडाक्षरांचे तुकडे पडायचे.

अति-अवांतर: या धाग्यावर कमांडी देवनागरीत लिहिल्यात ते वाचायला छान आहे, पण कुणी तशाच टर्मिनलमध्ये टाइप करू नका. शेल म्हणेल 'कमांड नॉट फाउंड' आणि तुम्ही म्हणाल लिनक्स अवघड आहे.

निलंगा_नाका (बुधवार, रात्री ९:१८)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. हद्दपार सर, तुमचं उत्तर मला आलं नसतं. काट्यावरचा दादांचं दोनदा वाचलं. आमचा ऊससुद्धा एकदा अशाच रांगेत अठरा तास उभा होता, तेव्हा आत कुणीतरी डीएफ मारत असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

क्लासला सध्या 'कळवतो' म्हणून सांगितलंय. त्यांचे दिवसातून चार फोन यायलेत, 'आजच भरलं तर दहा हजार सूट'.

आज लॅपटॉपवर रॉकी १० टाकायला घेतलं. पेन ड्राइव्ह बनवला, बूट केला आणि हे आलं: 'फेटल ग्लिब्सी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही३'. मग कर्नल पॅनिक. पेन ड्राइव्ह तीनदा बनवून बघितला. लॅपटॉप मेला का?

टर्मिनल_काका (बुधवार, रात्री ९:४०)

लॅपटॉप ठणठणीत आहे, पेन ड्राइव्हही. दहावी आवृत्ती जुन्या प्रोसेसरवर चालतच नाही. व्ही३ म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे सूचना ज्याला कळतात तो प्रोसेसर, इंटेलमध्ये साधारण चौथ्या पिढीपासून. तुमची दुसरी. नववी आवृत्ती व्ही२ वर भागते, ती तुमच्याकडं चालेल. दहावीच हवी असेल तर अल्मावाल्यांनी जुन्या मशीनसाठी व्ही२ ची वेगळी प्रत काढलीय, ती घ्या. परीक्षा कोणत्या आवृत्तीवर द्यायची ते बुक करताना दिसतं, त्याप्रमाणं ठरवा. आवृत्तीगणिक अभ्यासक्रम थोडा बदलतो, रेड हॅटच्या संकेतस्थळावर उद्दिष्टांची यादी असते, तीच छापून भिंतीला लावा.

४ जीबीत दोन व्हर्च्युअल मशीन धापा टाकतील. रॅमची एक जुनी पट्टी मिळाली तर ८ करा. नाही मिळाली तर ग्राफिकल डेस्कटॉप टाकूच नका, काळा पडदा बरा. सवयही होईल.

गोदाकाठ_नांदेड (बुधवार, रात्री ९:५१)

रॅम माझ्याकडं पडून आहे, डीडीआर३, ४ जीबी. नांदेड-निलंगा एसटीच्या कंडक्टरकडं देतो. पैसे नकोत, पास झाल्यावर मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घाला.

सुशीला_प्लेट (बुधवार, रात्री ९:५३)

नाव घेतलंत माझं?

शून्य_परवानगी (गुरुवार, सकाळी ११:००)

नवीन माणसाला दोन गोष्टी सांगतो. काही चाललं नाही की ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) परवानगी देऊन टाकणं आणि एसईलिनक्स हे सुरक्षेचं कुलूप बंद करणं, या दोन सवयी लावून घेऊ नका. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतोय. एका ठिकाणी वेबसाइट उघडेना म्हणून अख्ख्या फोल्डरला ७७७ दिलं, तरी उघडेना. एसईलिनक्स बंद केलं, उघडली. साहेब खूश. तीन महिन्यांनी त्याच फोल्डरमधून कुणीतरी बाहेरचा माणूस ईमेल पाठवत होता. रीस्टोरकॉन नावाची एक ओळ मारली असती तर काम झालं असतं, फाइलचं लेबल चुकलं होतं फक्त. परीक्षेतही एसईलिनक्स चालू ठेवूनच काम करून दाखवावं लागतं.

मुळची_बीडची (गुरुवार, दुपारी २:२०)

@निलंगा_नाका, एक विचारायचं होतं. सेतू-सेंटरचं काम सोडलं का? सोडू नका. मी रोज पहाटे साडेचार ते साडेसहा बसायचे, पाच महिने. नोकरी सोडून पूर्ण वेळ अभ्यास करणारे माझ्या ओळखीतले दोघंही तिसऱ्या महिन्यात ढेपाळले.

निलंगा_नाका (गुरुवार, रात्री १०:०५)

नाही सोडलं ताई. नववी आवृत्ती बसली. रॅम पण पोचली, कंडक्टरनं चहाचे वीस रुपये घेतले.

*(धागा ४४ दिवसांनी वर आला)*

निलंगा_नाका (शनिवार, रात्री १०:३८)

काका, आहात का? नवीन पार्टिशन करून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची ती यादी) ओळ टाकली, रीबूट केलं, आता मशीन उठेना. 'इमर्जन्सी मोड' आणि खाली 'रूट अकाउंट इज लॉक्ड'. एंटर दाबलं की परत तेच. इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिलाच नव्हता.

टर्मिनल_काका (शनिवार, रात्री १०:४९)

आहे. रीबूटच्या आधी माउंट -ए मारून बघितलं होतं का? नसणार. यूयूआयडीत (पार्टिशनचा ओळखक्रमांक) एखादं अक्षर चुकलंय.

मशीन चालू करताना ग्रबच्या (बूट मेनूच्या) यादीवर थांबा. 'ई' दाबा. 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडा, कंट्रोल-एक्स. शेल येईल. डिस्क फक्त वाचण्यापुरती लागलेली असते, म्हणून माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / द्या. मग व्हीआयने /ईटीसी/एफएसटॅब उघडा, तुमच्या ओळीच्या पुढं # टाका. पासडब्ल्यूडी कमांडने रूटलाही पासवर्ड देऊन टाका. टच /.ऑटोरीलेबल विसरू नका, नाहीतर एसईलिनक्स दारात उभं करील. शेवटी एक्झेक /एसबिन/इनिट. (फॉन्टफितूर यांची सूचना लक्षात ठेवून टाइप करा.)

'बूट प्रक्रिया मध्येच थांबवून मशीनचा ताबा घेणे' हे परीक्षेच्या जाहीर उद्दिष्टांतलंच एक वाक्य आहे. याहून जास्त मी बोलू शकत नाही, सही केलीय.

निलंगा_नाका (शनिवार, रात्री ११:२०)

यूयूआयडीत आठाच्या जागी बी पडला होता. ओळीपुढं # टाकलं. पण आता पडद्यावर चांदण्या-चांदण्या (*) पळायल्यात, पंधरा मिनिटं झाली. काही चुकलं का?

टर्मिनल_काका (शनिवार, रात्री ११:२२)

लेबलं लावायलंय. जुनी डिस्क आहे, वेळ लागतो. हात लावू नका.

हिंजवडी_हद्दपार (शनिवार, रात्री ११:२४)

बघत बसलोय मीही.

निलंगा_नाका (शनिवार, रात्री ११:४१)

उठलं.

काट्यावरचा (रविवार, पहाटे १:५५)

पहिल्यांदा उठतं ना मशीन, तेव्हा झोप येत नाही रात्रभर. मला ठाऊक आहे. (हद्दपार साहेबांकडं १ तारखेपासून रुजू होतोय, बाकीच्यांना सांगायचं राहिलं होतं.)

जर्मनी_परभणी (रविवार, सकाळी ९:३०)

अभिनंदन दोघांचं! आणि माझं राहिलेलं कारण: माझ्या वडिलांनी २०१४ ला कापूस विकून मला असाच एक कोर्स लावून दिला होता. क्लास चार महिन्यांत शटर ओढून पळाला. आम्ही अजून एकमेकांसमोर तो विषय काढत नाही.

सोयाबीनचं काय झालं मग?

निलंगा_नाका (रविवार, दुपारी १२:०८)

आहे घरातच. परीक्षेची तारीख घेतली की फीपुरते कट्टे काढायचे असं अण्णांशी ठरलंय. रात्री ते पण जागे होते, चांदण्या बघत. म्हणले, मोटार जळली का काय.